आधी फ्रीझर, मग सूक्ष्मदर्शक

रत्नागिरीत जीवशास्त्र शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, की संशोधनाची महागडी यंत्रे आपल्याकडे कधी येणार. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (लेसरने पेशींची थराथराने स्पष्ट चित्रे घेणारा) किंवा मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणारे यंत्र) प्रत्येक महाविद्यालयाने घेण्याचे कारण नाही, हे माझे उत्तर त्यांना फारसे रुचत नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने याच विचाराने ‘सैफ’ ही सामायिक उपकरण केंद्रे उभारली. त्यांपैकी एक मुंबईच्या आयआयटीत आहे, तर दुसरे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. शुल्क भरले की बाहेरच्या संशोधकालाही तिथे स्लॉट मिळतो.

खरी अडचण सॅम्पल तिथवर टिकवण्याची आहे. लेप्टोस्पायरोसिस हा आमच्या भातखाचरांतून पावसाळ्यात डोके वर काढणारा आजार. त्याच्या रुग्णाच्या रक्तातील जिवंत पेशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायच्या, तर रक्त काढल्यापासून घड्याळ सुरू होते, आणि आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा नाजूक रेणू) तर योग्य रसायनात किंवा थंडाव्यात वेळेवर ठेवला नाही तर पाहता पाहता तुटू लागतो. नेमक्या त्याच दिवसांत घाटात दरडी कोसळतात. त्यामुळे कोकणातल्या विद्यापीठीय केंद्राने सुरुवात करावी ती शीत सेंट्रिफ्यूज (सॅम्पल थंड ठेवून वेगाने फिरवत त्याचे घटक वेगळे करणारे यंत्र), जैवसुरक्षा कॅबिनेट (जंतू बाहेर पडू न देणारे कामाचे कपाट) आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर यांपासून. म्हणजे सॅम्पल इथेच वेगळे करून, गोठवून, रस्ता मोकळा झाल्यावर कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) पाठवता येईल.

फ्रीझरला वीज लागते, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडची कित्येक गावे किती काळ अंधारात होती, हे इथे कुणाला सांगायला नको. जनित्र हवेच, शिवाय उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनची टाकी असावी, कारण तिला वीज लागत नाही, फक्त नायट्रोजन वेळच्या वेळी भरावा लागतो. (खाऱ्या, दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा आर्द्रताशोषक यंत्राला चैन समजू नये.)

यंत्रासाठी अनुदान मिळते. देखभाल करार आणि ऑपरेटरचा पगार मात्र कुणाच्याच खात्यात बसत नाही. कंत्राटी ऑपरेटर शिकून तयार होतो, पुण्या-मुंबईला निघून जातो, आणि यंत्रावर पुन्हा कापड चढते. म्हणून अशा केंद्रासाठीच्या अनुदानाच्या प्रस्तावात कायमस्वरूपी ऑपरेटरचे पद पहिल्या ओळीत लिहावे आणि सूक्ष्मदर्शकाची मागणी खुशाल पुढच्या टप्प्यावर ढकलावी.