अकरा रात्री, बारा दिवस

आईचा पासपोर्ट ९ ऑगस्ट २०२५ला संपणार होता आणि युरोपच्या सहलीवरून आमचा परतीचा दिवस होता २१ मे. मध्ये चांगले अडीच महिने. त्यामुळे त्या तारखेकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. व्हिसाच्या कागदांची यादी छापली, पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि तिथेच अडले. शेंगेन प्रदेशातून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटातून, बाहेर पडल्यानंतरही पासपोर्ट निदान तीन महिने वैध हवा, असं लिहिलं होतं. २१ मेपासून तीन महिने म्हणजे २१ ऑगस्ट. आई १२ दिवसांनी नापास.

"अगं, मी काय ऑगस्टपर्यंत राहणार आहे का तिथे?" आई म्हणाली.

तिचं म्हणणं बरोबर होतं, पण ते ऐकून घ्यायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं. पासपोर्ट नव्याने काढावा लागला. जानेवारी होता म्हणून निभावलं. तोवर ना अपॉइंटमेंट घेतली होती ना विमा, कारण दोन्हीकडे पासपोर्टचा नंबर लागतो आणि नवा पासपोर्ट म्हणजे नवा नंबर. हे मी शहाणपणाने केलं नव्हतं, आळसाने राहून गेलं होतं, पण पथ्यावर पडलं.

व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट ही तीन नावं आईच्या डोक्यात कित्येक वर्षं होती. तीन देश, पण व्हिसा एकच, ही शेंगेनची सोय. १९८५च्या १४ जूनला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी पहिल्या करारावर सह्या केल्या. आता त्यात २९ देश आहेत. यातले सगळे युरोपीय संघातले नाहीत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नसून शेंगेनमध्ये आहेत, आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही नाहीत. "एवढं जाताय तर लंडनही करून या" असं सांगणारी मंडळी घरोघरी असतात, त्यांना हे समजावण्यात माझे दोन रविवार गेले. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शुल्क वेगळं, सगळंच वेगळं.

व्हिसा एक असला तरी अर्ज कुणाकडे करायचा हे आपल्या मर्जीवर नसतं. मी अपॉइंटमेंट घेतली ऑस्ट्रियाची, कारण विमान व्हिएन्नाला उतरत होतं. आणि मुक्काम आखला होता प्राग ५ रात्री, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट ३. नियम सांगतो, जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करा. सगळीकडे सारखेच दिवस असतील तरच जिथून प्रथम आत शिराल तो देश. म्हणजे माझा अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे जायला हवा होता. चुकीच्या देशाकडे गेलेला अर्ज विचारातच घेत नाहीत, परत करतात. शुल्क मिळतं परत, पण गेलेले दिवस कोण देणार?

चेकची अपॉइंटमेंट शोधली तर जवळची तारीखच दिसेना. मग दुसरा मार्ग घेतला. सहलच फिरवली. व्हिएन्ना ५, प्राग ३, बुडापेस्ट ३. हॉटेलं रद्द करता येण्यासारखी घेतली होती म्हणून जमलं.

"म्हणजे कुठे किती राहायचं ते आता अपॉइंटमेंट ठरवणार," आई म्हणाली. हो, तसंच. आणि एक सांगते, कागदावर व्हिएन्नाच्या ५ रात्री दाखवून प्रत्यक्षात प्रागला राहायचं, असले सल्ले मला भरपूर मिळाले. आम्ही ५ रात्री व्हिएन्नातच काढल्या.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे, प्रथम प्रवेश कोणत्या देशात. मी डोळे झाकून ऑस्ट्रिया लिहिलं. पण आमचं विमान फ्रँकफुर्टला बदलणार होतं. शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावरच पासपोर्ट तपासला जातो आणि तिथून पुढचा प्रवास देशांतर्गत असल्यासारखा होतो. म्हणजे आमचा प्रथम प्रवेश जर्मनी. व्हिसा ऑस्ट्रियाचा, दार जर्मनीचं. यात गैर काही नाही, फक्त तसं लिहायचं. याचा आणखी एक अर्थ मला उशिरा उमगला. फ्रँकफुर्टला मध्ये मिळालेल्या वेळात इमिग्रेशनची रांगही धरायची होती. आधी मी सव्वा तासाचं कनेक्शन पाहून खूश झाले होते. ते सोडून तीन तासांचं घेतलं.

मग विमा. ही चूक मला अजून डाचते, कारण मी हिशेबाच्या कामात मुरलेली बाई. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, संपूर्ण मुक्काम झाकणारा. मी हॉटेलची बुकिंगं समोर घेतली, ५ अधिक ३ अधिक ३, बेरीज अकरा. अकरा दिवसांचा विमा काढला, १० ते २० मे. हॉटेलवाला रात्री मोजतो. व्हिसावाला दिवस मोजतो, आणि आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस दोन्ही धरतो. अकरा रात्री म्हणजे बारा दिवस. २१ मेला आम्ही दुपारपर्यंत बुडापेस्टमध्ये असणार होतो आणि त्या दिवशी आमचा विमा नव्हता.

हे मला सापडलं अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री, कव्हर लेटरमध्ये रोजचा कार्यक्रम टाइप करताना. तारखांसमोर आकडे टाकत गेले तर शेवटच्या ओळीवर १२ आला. पुन्हा वरून मोजलं. पुन्हा १२. विमा रात्रीच वाढवून घेतला. त्या पॉलिसीचं पान आईने चष्मा लावून वाचलं. उपचार, हॉस्पिटल, तातडीने मायदेशी आणणं, आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्याचा खर्च. तिथे ती थांबली.

"हे तुझ्या पण विम्यात आहे ना? का फक्त माझ्या?"

"सगळ्यांच्याच असतं, आई. असावंच लागतं."

"मग ठीक आहे."

पैशांचा भाग मला वाटला होता त्याहून सरळ गेला. आई गृहिणी, स्वतःचं उत्पन्न नाही, म्हणून तिचा खर्च मी करणार असं पत्र, माझं बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, रजा मंजूर झाल्याचं ऑफिसचं पत्र. खात्यात अर्जाच्या तोंडावर कुणाकडून उसने आणून मोठी रक्कम टाकायची नाही, एवढं पथ्य. अडलं ते नात्यापाशी. ही माझी आई, हे सिद्ध करायला माझा जन्मदाखला. पण त्यावर माझं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. म्हणून जोडीला लग्नाचा दाखला. म्हणजे आईला फिरायला न्यायला मला माझं लग्न सिद्ध करावं लागलं. नवऱ्याला या गोष्टीचा फार आनंद झाला.

तिकिटांबाबत मात्र मी सबुरीने घेतलं. अर्जासाठी आरक्षण पुरतं, पूर्ण पैसे भरलेलं तिकीट लागत नाही. व्हिसा नाकारला तर तिकिटाचे पैसे कुणीही भरून देत नाही.

व्हिसा केंद्रात कागद घेणारी मुलगी चटपटीत होती. गठ्ठा उचलला, तिच्या क्रमाने लावला, तारखांवरून बोट फिरवत गेली. तिकीट, हॉटेल, विमा, पत्र. चारही ठिकाणी १० मे, चारही ठिकाणी २१ मे. काही न बोलता तिने क्लिप लावली. आदल्या रात्रीचं आठवून माझ्या पोटात गोळा आला, तोही क्लिप लावल्यानंतर. केंद्रातली माणसं व्हिसा देत नाहीत की नाकारत नाहीत, ती कागद गोळा करून दूतावासाकडे पाठवतात. त्यामुळे "मिळेल ना हो?" असं त्यांना विचारण्यात अर्थ नाही. मी विचारलंच. शुल्क माणशी ९० युरो, जून २०२४मध्ये ते ८०वरून वाढलं. केंद्राचं सेवाशुल्क निराळं.

नंतर बोटांचे ठसे. उजव्या हाताची चार, डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. माझं मिनिटभरात झालं. आईचं होईना. काचेवर हात ठेवला की स्क्रीनवर चार धूसर ठिपके यायचे, मशीन लाल दिवा दाखवायचं. ओल्या टिश्यूने पुसून झालं, हातरुमालाने कोरडं करून झालं. शेवटी तिथला मुलगा म्हणाला, "आजी, बोटं जरा कपाळावरून, केसांवरून फिरवा." आईने केसांतून हात फिरवला, पुन्हा ठेवला. तीन बोटं उमटली, करंगळी राहिली.

"चाळीस वर्षं भांडी घासल्यावर काय राहणार रेषा," आई त्याला म्हणाली.

त्याने करंगळी स्वतःच्या दोन बोटांनी हलकेच दाबून धरली आणि हिरवा दिवा लागला. ठसे न उमटणं हे वय झालेल्यांच्या बाबतीत नेहमीचं आहे, घाबरायचं कारण नाही. एकदा घेतलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुढच्या अर्जाला वापरता येतात. आई लगेच म्हणाली, "म्हणजे पाच वर्षांत परत जायला हवं."

निर्णयाला १५ दिवस, गरज पडल्यास ४५ दिवसांपर्यंत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. पण ती शेवटची मुदत धरून चालणं म्हणजे गाडी सुटताना फलाटावर पोचणं. आम्ही मार्चमध्ये अर्ज दिला आणि २४व्या दिवशी पाकीट हातात आलं.

पासपोर्टमधला व्हिसा कसा वाचायचा, हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण इथे भलेभले फसतात. आमच्या स्टिकरवर होतं, १०-०५-२५ पासून ०५-०६-२५ पर्यंत. आईचा आनंद गगनात मावेना. "अगं, पाच जूनपर्यंत दिलाय की!" नाही. त्याच स्टिकरवर मुक्कामाचे दिवस असा वेगळा रकाना आहे आणि त्यात लिहिलं होतं १२. बारा दिवस राहायचं, ते १० मे ते ५ जून या खिडकीत कधीही. विमान रद्द झालं, तारीख पुढे सरकली, तर गैरसोय नको म्हणून मुक्कामाच्या दिवसांवर १५ दिवसांची ही सवलत साधारणपणे दिलेली असते. बारा अधिक पंधरा, सत्तावीस. मी कॅलेंडरवर मोजून पाहिले, बरोबर २७ भरले. बाराव्या दिवसानंतर राहिलो असतो तर ५ जून यायला कितीही वेळ असला तरी मुदत ओलांडली असं धरलं गेलं असतं. तिसरा रकाना प्रवेश किती वेळा. आमचा एक. म्हणजे मधेच शेंगेनबाहेर पाऊल टाकलं की व्हिसा संपला. लंडन करून या म्हणणाऱ्यांना हा रकाना दाखवायला मला फार आवडलं असतं.

आणि व्हिसा हातात आला म्हणजे प्रवेश नक्की झाला असंही नसतं. सीमेवरचा अधिकारी तेच प्रश्न पुन्हा विचारू शकतो, तेच कागद पुन्हा मागू शकतो, आणि समाधान झालं नाही तर परत पाठवू शकतो. म्हणून हॉटेलची बुकिंगं, परतीचं तिकीट आणि विमा या तिन्हींच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवल्या. सामानाच्या बॅगेत टाकून उपयोग नाही, ती बॅग इमिग्रेशनच्या पलीकडे भेटते.

फ्रँकफुर्टला रांगेत पन्नास मिनिटं गेली. सव्वा तासाचं कनेक्शन मला तिथे आठवलं. काचेमागच्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट चाळला, कशासाठी, कुठे, परत कधी, एवढं विचारलं. मग आईचा घेतला आणि प्रश्न थेट तिलाच केला, किती दिवस? मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने त्याच्याकडे पाहून ठणठणीत आवाजात सांगितलं, "ट्वेल्व्ह डेज. इलेव्हन नाइट्स."

अधिकारी हसला नाही, पण त्याने पुढे काही विचारलंही नाही. दोन शिक्के मारले, दोन्ही पासपोर्ट एकदम सरकवले.

प्रवासाबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच, की व्हिएन्नाहून प्राग आणि प्रागहून बुडापेस्ट आम्ही रेल्वेने गेलो, पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात ठेवून. शेंगेनच्या आतल्या सीमांवरही कधी कधी तपासणी होते, तेव्हा तो हॉटेलात ठेवून हिंडू नये. प्राग-बुडापेस्ट गाडी मध्ये ब्रातिस्लाव्हाला थांबली. म्हणजे आम्ही स्लोव्हाकियातही जाऊन आलो, बसल्या जागी.

परतीचं विमान दुसऱ्या कंपनीचं, बुडापेस्टहून सरळ आखाताकडे जाणारं. त्यामुळे बाहेर पडल्याचा शिक्का तिथेच बसला. विमान सुटायला वेळ होता, तेव्हा आई पासपोर्ट उघडून बसली. आत शिरल्याच्या शिक्क्याचे कोपरे टोकदार, बाहेर पडल्याच्या शिक्क्याचे गोलसर. एकात चांदण्यांच्या कड्यात 'डी', जर्मनीचा. दुसऱ्यात 'एच', हंगेरीचा. दोन्हींत विमानाचं चिमुकलं चित्र. तिने मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.

"आणि चेकचा?"

"नसतो, आई. आतल्या आत फिरताना शिक्का मारत नाहीत."

"म्हणजे प्रागला गेल्याचा काही पुरावाच नाही?"

आता तर तो 'डी' आणि 'एच'ही मिळणार नाहीत. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी पद्धत सुरू झाली. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेतात, येण्या-जाण्याची नोंद संगणकात होते आणि राहिलेले दिवस यंत्रच मोजतं. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने उठून कपाटातला पासपोर्ट काढला आणि ते पान पुन्हा एकदा पाहून घेतलं.