मूलबाळ नसल्याने

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, वकिलांना नसते. चाकरमानी गावी आलेले असतात. वाटण्या, हक्कसोड, कुलमुखत्यारपत्रं, सगळ्यांना सगळं त्याच पंधरा दिवसांत हवं असतं. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मी वकिली करते. त्या गर्दीत मावशी आली. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.)

सत्तरीची बाई. नवरा जाऊन तीसेक वर्षं झालेली, मूल नाही. काजूच्या कारखान्यात उभा जन्म गेला. मजुरीतून साठवून आणि पाटल्या मोडून तिने दोन एकर वरकस, डोंगरउताराची हलकी जमीन, घेतलं, तिथे वेंगुर्ला-४ काजूची कलमं लावली आणि कडेला चिऱ्याचं घर बांधलं. सातबारा तिच्या एकटीच्या नावाचा. हे सगळं शेजारणीला द्यायचं होतं.

खुर्चीत बसल्याबसल्या तिने विचारलं, "पोरां कितकी गो तुका?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. "नाहीत" म्हटलं की समोरचा गळा काढतो, कोल्हापूरच्या डॉक्टरचा पत्ता देतो, नाहीतर आंगणेवाडीला भराडीची ओटी भरायला सांगतो. लग्नाला बारा वर्षं झाली. आता मी उत्तर देऊन लगेच फाइल उघडते.

"नाहीत."

"बरा," ती म्हणाली. "चाय मिळात?"

मी चहा सांगितला आणि मृत्युपत्राचा मसुदा करायला घेतला. अशा कामात आधी पक्षकाराला समजवावं लागतं, की मृत्युपत्र केलं नाही तर काय होईल. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, त्याचं कलम १५ बाईच्या मिळकतीचं. मुलं नाहीत, नवराही नाही, तर तिची स्वकष्टाची मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्या मागून. बापाकडून आलेलं असेल तर मुलंबाळं नसताना ते बापाच्या वारसांकडे परत. पुरुषाच्या मिळकतीला ही भानगड नाही, ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हे प्रकरण गाजलं. ती बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी हाकललेली. माहेरी शिकली, नोकरी केली, पैसे साठवले आणि मृत्युपत्र न करता वारली. ते पैसे सासरच्यांना मिळाले. कोर्ट म्हणालं, सहानुभूतीवर वारसा ठरत नाही.

म्हणजे मावशीचं वरकस तिच्या दिराच्या मुलाला. तो काही वाईट माणूस नाही. दर मे महिन्यात मिठाईचा पुडा घेऊन येतो, काकीच्या पाया पडतो आणि कलमं मोजून जातो.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मी टाइप केलेलं वाचून दाखवायला लागले: "मला मूलबाळ नसल्याने व सदर शेजारीण हिने माझा पोटच्या मुलीप्रमाणे सांभाळ केल्याने..."

"रव," ती म्हणाली. "ह्या कित्याक लिवलंस?"

हे वाक्य माझ्या मसुद्यात पहिल्यापासून आहे. माझ्या सिनियरांच्या मसुद्यातही होतं. उगाच नाही ते. जवळच्या वारसांना डावलून केलेल्या मृत्युपत्राकडे कोर्ट संशयाने बघतं, म्हणून कारण नमूद करायचं असतं. तसं मी तिला सांगितलं.

"मगे खरा कारण लिव. माका पोर असता तरी ह्या घर मिया तिकाच दिला असता."

"मावशी, मुलीसारखी म्हटलं तर बिघडलं काय?"

"लेक नाय ती माझी. शेजारीण आसा." मग जरा थांबून, "लेकीक करुकच लागता. हिका कोणी सांगलेला?"

मी बॅकस्पेस दाबत गेले. तिने सांगितलं तसं प्रमाण मराठीत बसवलं: आम्ही दोघींनी एकोणीस वर्षं एका बाकावर बसून काजू फोडले, माझं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा ती चार महिने माझ्याजवळ राहिली, म्हणून. सिनियर असते तर म्हणाले असते, मृत्युपत्रात बाक कशाला घातलात? पण उद्या पुतण्याने दावा लावला तर "पोटच्या मुलीप्रमाणे" यापेक्षा हा बाक जास्त टिकेल, असं मला वकील म्हणूनही वाटलं.

दुपारी नोंदणीला गेलो. डॉक्टरचा दाखला होता, दोन साक्षीदार होते. अडलं ते अंगठ्यावर. यंत्र ठसा घेईना. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख चोळून चोळून वर्षानुवर्षं फोडलं तरी बोटं गुळगुळीत होतात. तिच्या उजव्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या, काठाला फक्त करवंदाच्या चिकासारखे जुने डाग. ओलं फडकं झालं, पदराने पुसून झालं.

तोवर क्लार्कने कागद चाळला. "मूलबाळ नाही वाटतं? मग ही लेकीसारखीच म्हणायची."

मावशी त्याच्याकडे बघून गप्प राहिली. मीच म्हणाले, "डावा अंगठा घेऊन बघा." चौथ्या खेपेला डावा लागला.

शेजारीण बाहेर पायरीवर बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी. पन्नाशीची, किडकिडीत. मावशीला धरून उतरवताना तिने मला विचारलं, "पेन्शनचा काम झाला गो बाय? तीन वर्षां फेऱ्यो मारता ही."

मी मावशीकडे बघितलं. ती एसटी स्टँडच्या दिशेने बघत होती.

"झालं," मी म्हणाले.