‘कर्जपट’ची प्रगती : मॅडिसनचा ठराव अखेर पटावर फेटाळला गेला

ज्या एका ठरावाने माझ्या ‘कर्जपट’ या, अमेरिकेतल्या १७९० च्या कर्जवादावरच्या बोर्डगेमचा दुसरा टप्पा इतके महिने अडवून धरला होता, तो मॅडिसनचा ठराव या वेळच्या चाचणीत नियमांची कोणतीही ओढाताण न करता, खेळाडूंनी स्वतःच्या मताने फेटाळला. मागील नोंदी वाचलेल्यांना यातील महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. खेळ इतिहासाच्या मागे फरफटत जाऊ नये, परंतु इतिहासातल्या माणसांना जे कारण पटले ते पटाभोवती बसलेल्यांनाही पटण्याची संधी तरी मिळावी, एवढीच माझी पहिल्यापासूनची अट आहे, आणि ती या ठरावाच्या बाबतीत काही केल्या पुरी होत नव्हती.

नव्याने आलेल्या मंडळींसाठी तिढा थोडक्यात मांडतो. १७९० च्या जानेवारीत अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे सरकारी पत (कर्ज फेडण्याबाबतची विश्वासार्हता) या विषयावरचा अहवाल ठेवला. त्यात परदेशी कर्ज सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर आणि देशांतर्गत कर्ज थकलेल्या व्याजासह सुमारे ४ कोटी २४ लाख डॉलर होते. राज्यांच्या डोक्यावरचे सुमारे अडीच कोटी आणखी वेगळे. देशांतर्गत कर्जातला मोठा भाग स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना आणि पुरवठादारांना रोख पैशाऐवजी दिलेल्या दाखल्यांचा होता, आणि गरजेपोटी त्यांतल्या अनेकांनी ते दाखले डॉलरला वीस-पंचवीस सेंट, कधी त्याहूनही कमी भावाने विकून टाकले होते. आता सरकार पूर्ण दर्शनी किंमत, म्हणजे दाखल्यावर लिहिलेली रक्कम, मान्य करणार म्हटल्यावर नफा कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी ११ फेब्रुवारीला सुचवले की, सध्याच्या धारकाला बाजारातला सर्वोच्च भाव द्यावा आणि उरलेली रक्कम मूळ धनकोला द्यावी. २२ फेब्रुवारीला सभागृहाने हा ठराव ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळला, आणि त्या तेरांतली नऊ मते एकट्या व्हर्जिनियाची होती.

आमच्या पटावर मात्र नेमके उलटे होत असे. बेळगाव, निपाणी, खानापूर अशा कोणत्याही ठिकाणची मंडळी बसवली, तरी सभागृहफेरीत मॅडिसनचा ठराव जवळजवळ एकमताने मंजूर होई. याचे कारणही उघड आहे. युद्धफेरीत ज्या खेळाडूच्या हातातला सैनिक-पत्ता उपाशी राहिला, त्याला नंतर दुसऱ्या कोणी नफा कमावलेला पाहवत नाही, आणि पाहवू नयेच. शिवाय पुष्कळांची समजूत अशी होई की, या ठरावामुळे तिजोरीचा पैसा वाचतो. प्रत्यक्षात मॅडिसन यांच्या योजनेत सरकारला एकही डॉलर कमी द्यावा लागत नव्हता. शंभरच्या दाखल्यावर शंभरच निघणार होते, फक्त ते दोघांत वाटले जाणार होते. ही गोष्ट नियमपुस्तिकेत ठळक छापूनही मते बदलली नाहीत.

यावर तीन उपाय सुचले आणि तिन्ही मी टाकून दिले. सध्याच्या धारकांना जास्त मते द्यावीत, ही कोल्हापूरच्या मित्राची सूचना चालली असती. पण मग ३६ मते म्हणजे ३६ सट्टेबाज, असा अर्थ पटावर उमटला असता. काही सभासदांकडे रोखे होते हे खरे असले, तरी सगळ्या विरोधाचे मूळ तेवढेच मानणे त्या चर्चेवर अन्याय करणारे आहे. दुसरा उपाय सरकारची पत दाखवणाऱ्या पट्टीवरची सोंगटी चार घरे मागे नेण्याचा. खेळाडूंनी ती चार घरे सुखाने सोसली, कारण पट्टीवरची घसरण कोणाला झोंबत नाही. तिसरा उपाय ठराव मांडण्याची किंमत वाढवण्याचा होता, आणि त्यात चर्चाच मारली जात होती. ज्या खेळाचा आत्मा विधिमंडळातला वाद आहे, त्यात ठराव मांडणेच महाग करून ठेवणे मला मान्य नाही.

वाट सापडली ती रविवार पेठेतल्या एका निवृत्त अडत काकांमुळे. त्यांनी उमेदवारीच्या वयात हुंड्यांचा व्यवहार जवळून पाहिलेला आहे. ते पहिल्यांदाच खेळायला बसले होते. मॅडिसनचा ठराव वाचून झाल्यावर त्यांनी हातातला दाखला उलटा केला, पाठ कोरी पाहिली आणि विचारले, “ह्याच्यावर बेचन कुठाय वो? पहिला धनी कोण होता ते तुम्ही शोधणार कसं?” हुंडी जशी बेचनावर बेचन (पाठीवरची हस्तांतरणाची नोंद) चढत हातोहात फिरते आणि मुदतीला आणणाऱ्याला रक्कम मिळते, तसाच हा दाखला फिरत असेल, तर मधल्या सगळ्यांचा हिशेब पुन्हा उकरणार कोण, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आमच्या पत्त्याची पाठ कोरी होती, कारण मी तिथे फक्त सजावटीची वेलबुट्टी ठेवली होती. प्रतिनिधिगृहातल्या विरोधकांचा एक प्रमुख मुद्दा हाच होता, आणि तो भाषण म्हणून पत्त्यावर छापलेला असूनही कोणाच्या मनाला भिडत नव्हता, कारण तो खेळाडूंच्या हातून घडत नव्हता.

म्हणून दाखल्याचा पत्ता नव्याने आखला. पुढच्या बाजूला रक्कम आणि पहिल्या धनकोचे नाव, पाठीवर पाच आडव्या रेघा. बाजारफेरीत दाखला विकताना विकणाऱ्याने सोंगटीच्या रंगाची पेन्सिलखूण रेघेवर करायची. मात्र त्याची इच्छा असेल तर रेघ कोरीही ठेवता येते, आणि कोरा दाखला चटकन खपतो. गठ्ठ्यातल्या काही दाखल्यांवर पहिले नाव सैनिकाचे नसून एखाद्या कारकुनाचे आहे. असे दाखले त्या काळी निघाले होते आणि ज्याच्या नावावर कागद तोच खरा धनको असे धरता येत नाही, हे सभागृहात सांगितलेही गेले होते. ठराव मंजूर झाल्यास परतावाफेरीच्या आधी ‘शोधफेरी’ लागते. प्रत्येक दाखला उलटायचा, खुणा मागे मागे न्यायच्या, मूळ धनको सिद्ध करायचा. सिद्ध न झाल्यास वाद सभापतीपुढे जातो आणि तोवर त्या दाखल्याचे व्याज कोणालाच मिळत नाही.

पहिल्या डावात ठराव नेहमीप्रमाणे मंजूर झाला, आणि शोधफेरी उरलेल्या सगळ्या खेळापेक्षा लांबली. निम्म्याहून अधिक दाखले वादात अडकले. त्यातही ज्या सैनिकांसाठी ठराव आणला होता, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पदरी काही पडले नाही, कारण त्यांनी विकताना रेघ कोरी ठेवली होती. खरी गंमत, खरा आनंद म्हणा, पुढच्या डावात आला. त्याच मंडळींनी दुसरा डाव मांडला तेव्हा बाजारफेरीतच दाखल्यांचा भाव कोसळला. उद्या सभागृह व्यवहार उलटवू शकते हे एकदा अनुभवल्यावर सैनिकाचा दाखला पंधरा सेंटांनाही कोणी हातात घेईना. ज्याला आज घरी परतायला पैसे हवेत, त्याचाच कागद सगळ्यात आधी निरुपयोगी झाला. मग सभागृहफेरीत एका ताईंनी, ज्या आदल्या डावात मॅडिसनच्या बाजूने सर्वांत पोटतिडकीने बोलल्या होत्या, विरोधात मत दिले आणि त्याचे कारण अगदी नेमके सांगितले : विकत घेणाऱ्याचा हक्क सुरक्षित नसेल, तर विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. हॅमिल्टन यांच्या अहवालातला हस्तांतरणाच्या सुरक्षिततेचा युक्तिवाद हाच आहे.

तरीही मला या टप्प्यावर थांबायचे नाही. मॅडिसन यांच्या बाजूला जो न्यायाचा प्रश्न होता, तो केवळ अव्यवहार्य ठरल्यामुळे खोटा ठरत नाही. जॉर्जियाचे जेम्स जॅक्सन यांनी सभागृहात सांगितले होते की, अहवालाची वार्ता दूरच्या भागात पोहोचण्यापूर्वीच स्वस्तात दाखले विकत घेण्यासाठी न्यूयॉर्कहून तीन जहाजे निघाली आहेत. ही अगोदर मिळालेली माहिती हाच अन्यायाचा गाभा आहे. म्हणून ‘तीन जहाजे’ हा पत्ता आता बाजारफेरीच्या मध्यावर येतो आणि ज्याच्याकडे तो येतो त्याला अहवालाचा मजकूर इतरांआधी वाचायला मिळतो. तो पत्ता वापरणाऱ्या खेळाडूला सभागृहफेरीत आपले दाखले सर्वांसमोर उघडे करूनच मत द्यावे लागेल. दुसऱ्या बाजूला ‘१७८३ चे निवेदन’ हाही पत्ता घातला आहे. त्या वर्षी राज्यांना पाठवलेल्या निवेदनात धनकोंमध्ये असा भेद करण्यास विरोध होता, आणि त्याचा मसुदा खुद्द मॅडिसन यांचाच होता. विरोधकांनी त्यांना त्याची आठवण करून दिली. मॅडिसनचा खेळाडू यावर काय उत्तर देतो, यावर त्याची दोन मते अवलंबून राहतील.

परतावाफेरीचा हिशेब आता स्थिर झाला आहे. ४ ऑगस्ट १७९० च्या कायद्याप्रमाणे मूळ मुद्दलाच्या शंभर डॉलरांमागे दोन-तृतीयांशावर लगेच ६ टक्के व्याज सुरू होते. उरलेल्या एक-तृतीयांशावरचे ६ टक्के १८०१ पासून मिळतात. थकलेल्या व्याजाचे वेगळे ३ टक्क्यांचे रोखे बनतात. म्हणजे शंभरवर पहिली दहा वर्षे वर्षाला चार डॉलर, नंतर सहा. सहा टक्के व्याजदर धरून या देण्याची १७९० मधली किंमत काढली तर तो दहा वर्षे लांबवलेला तिसरा हिस्सा ३३ ऐवजी साडेअठरा डॉलरांचा भरतो, आणि एकूण शंभराचे सव्वापंच्याऐंशी होतात. दर्शनी किंमत अबाधित राखूनही धनकोंकडून किती सवलत मिळवली, हे या एका आकड्यात दिसते. शिवाय ६ टक्क्यांच्या रोख्यांवर सरकारने व्याज आणि मुद्दल मिळून वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त फेडायचे नाही, अशी मर्यादा होती. त्या गतीने पूर्ण फेड व्हायला चोवीस वर्षांच्या आसपास लागतात. व्याजदर पुढे उतरले तरी सरकार एकदम सगळे फेडून धारकाला घालवू शकत नाही, या हमीच्या बदल्यात धारकाने थोडे कमी घेतले. मला हा भाग संपूर्ण चर्चेतला सर्वांत सुंदर बांधणीचा वाटतो.

तीन प्रकारच्या रोख्यांसाठी लाकडी चकत्या गोकाकच्या कारागिराकडून करून घेतल्या. रंगाची सफाई सावंतवाडीच्या कामाइतकी नसली, तरी वजन चांगले आहे आणि हाताला जाणवते; बोर्डगेमसाठी मी पुन्हा गोकाकच निवडेन. पत्त्यांच्या छपाईचा अनुभव मात्र तितका चांगला नाही. शहरातल्या एका छपाईवाल्याने ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड सांगून त्याहून पातळ कागद वापरला, आणि पहिल्याच पावसाळी दमट हवेत सगळे पत्ते होडीसारखे वाकले. बेळगावात जून ते सप्टेंबर पत्ते छापणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन करून घ्यावे. मात्र आता पाठीवर पेन्सिलखुणा करायच्या असल्याने मला ते चालणार नाही.

हे लिहिताना एक पर्याय डोक्यात आला : पाठ लॅमिनेट करायची आणि पेन्सिलीऐवजी व्हाइटबोर्डचे पेन वापरायचे. दुसरी कल्पना याहून महत्त्वाची आहे. लांबवलेल्या व्याजाच्या चकत्या मी सध्या वेगळ्या वाटीत ठेवतो. त्याऐवजी त्या धारकापुढेच पालथ्या ठेवाव्यात आणि १८०१ ची फेरी आल्यावर उलटाव्यात. तसे केल्यास मधल्या काळात त्यांची खरेदी-विक्री करता येईल, आणि प्रत्यक्षातही हे लांबवलेले रोखे वेगळ्या भावाने विकले जात असत. म्हणजे खेळ १७९० च्या ऑगस्टमध्ये संपवण्याचा माझा बेत आता बदलला. तो १८०१ पर्यंत नेणार.

राज्यांची कर्जे केंद्राने स्वीकारण्याचा भाग फारसा त्रास देत नाही. १२ एप्रिलला ३१ विरुद्ध २९ असा पराभव, मग राजधानी दहा वर्षे फिलाडेल्फियाला आणि नंतर पोटोमॅक नदीच्या काठी, या सौद्यावर जुलैमध्ये मंजुरी, हे सगळे आमच्या खेळाडूंना लगेच समजते. कर्नाटक विधिमंडळाचे सुवर्ण विधानसौध ज्या बेळगावच्या वेशीवर उभे राहिले आणि जिथे बहुतेक हिवाळ्यांत अधिवेशन भरते, तिथल्या माणसाला विधिमंडळ कुठे बसते याचे राजकीय मोल समजावून द्यावे लागत नाही. आपली बरीचशी देणी आधीच फेडलेल्या व्हर्जिनियाचा राग आणि मोठे कर्ज शिल्लक असलेल्या मॅसॅच्युसेट्स व दक्षिण कॅरोलिनाची निकड, दोन्ही बाजू इथे जिवंत होतात.

पुढच्या विस्तारासाठी अमेरिकेचाच १८७० चा फेरकर्जाचा कायदा घ्यायचे ठरवले होते : ५, साडेचार आणि ४ टक्क्यांचे रोखे, आणि त्यांच्या जोरावर यादवी युद्धाच्या काळातले ६ टक्क्यांचे कर्ज फेडणे. पण आता मला १८८१ अधिक खुणावतो आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने (विधिमंडळाने) ३ टक्क्यांच्या रोख्यांचे विधेयक मंजूर केले, आणि नोटा काढणाऱ्या राष्ट्रीय बँकांना त्या नोटांच्या तारणासाठी तेच रोखे ठेवण्यास भाग पाडणारे कलम त्यात असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष हेस यांनी ३ मार्चला ते नाकारले. त्यानंतर अर्थमंत्री विल्यम विंडम यांनी नव्या कायद्याशिवायच धारकांपुढे पर्याय ठेवला की, पैसे परत घ्या किंवा तोच रोखा साडेतीन टक्क्यांनी पुढे चालू ठेवा. विधिमंडळाचा वाद अडला असताना खजिन्याने काढलेली ही वाट पटावर कशी दाखवावी, यासाठी नकाराधिकाराचा पत्ता आणि धारकाची निवडफेरी अशा दोन यंत्रणा जुळवून पाहतो आहे. टिळकवाडीतल्या पुढच्या बैठकीत आधी पालथ्या चकत्यांची चाचणी होईल. ज्यांच्याकडे जुना संच आहे, त्यांनी दाखल्यांच्या पाठीवर पाच रेघा हाताने आखून शोधफेरी खेळावी, आणि कोरी रेघ ठेवण्याचा भावावर किती परिणाम होतो ते मला कळवावे.