तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्ट्रेन आवडतो की सवय झाली?

माझ्याबरोबर मैफलींना येणाऱ्या मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो: "'अ लव्ह सुप्रीम' तुम्हाला खरंच आवडतं, की ऐकून ऐकून सवय झाली?" हा अल्बम करणारा अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याने मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले होते, तेव्हा आपल्या कानांना ते जवळचे वाटत असणार, असे उत्तरही काही जण स्वतःच देऊन टाकतात. ते मला मान्य नाही, कारण माझी अडचण आपल्याच संगीतामुळे झाली होती.

तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला षड्ज, म्हणजे आधाराचा सा, हललेला सहन होत नाही. अल्बमच्या पहिल्या भागात कोल्ट्रेनचा साथीदार जिमी गॅरिसन याचा बास चार स्वरांची एक आकृती मांडतो आणि शेवटाकडे कोल्ट्रेन तीच आकृती बाराही स्वरांवरून फिरवतो. तेव्हा हा माणूस भरकटला आहे, असे माझे ठाम मत होते. पुष्कळ दिवसांनी केव्हातरी ती आकृती दर नव्या जागी ओळखू येऊ लागली, आणि नंतर त्याच चार स्वरांवर अल्बमचे नाव उच्चारणारा आवाज आला, तेव्हा तो येणारच होता असे वाटले.

त्या आनंदाच्या भरात मी तो अल्बम माझ्या गाण्याच्या बाईंना ऐकवला. त्यांनी तेहतीस मिनिटे मधे एक शब्दही न बोलता सगळे ऐकले. एल्विन जोन्सच्या ड्रम्सच्या वेळी त्यांचा हात मांडीवर हलला, तेव्हा माझी आशा वाढली. संपल्यावर त्या म्हणाल्या, "वाजवणारा मोठा आहे. पण तुला हे आवडत नाही. तू ते आवडून घेतलं आहेस." त्या रागावल्या असत्या तर मला इतके लागले नसते. ज्यांनी मला स्वर ऐकायला शिकवले, त्यांनीच माझ्या ऐकण्यावर शंका घेतली होती. त्यानंतर कित्येक महिने मी तो अल्बम लावला नाही.

त्यांना द्यायचे उत्तर मला फार उशिरा सुचले. यमन मला आपोआप आवडला असे मी मानते, कारण तो कानावर पडत होता तो काळ माझ्या आठवणीच्या आधीचा आहे. तेव्हाची सवय कोणी मोजत नाही. मोठेपणी, जाणूनबुजून केलेली तेवढी मोजली जाते.

तरी बाईंचे म्हणणे मला पुरते खोडता येत नाही. शेवटच्या भागात कोल्ट्रेन स्वतःची प्रार्थनाकविता सॅक्सोफोनवर जवळजवळ शब्दाला शब्द लावून वाजवतो. ती कविता अल्बमच्या वेष्टनातच छापलेली आहे, आणि ती समोर ठेवून ऐकल्यावर तो भाग माझा झाला. म्हणजे तिथे ऐकणे अपुरे पडले आणि वाचणे कामी आले. मग आवडले ते नेमके काय, सूर की सुरांमागची माहिती? कधी मला एक वाटते, कधी दुसरे.

मात्र केवळ सवयीने आवड निर्माण होत असती, तर तिसरा भागही एव्हाना आवडायला हवा होता. तोही मी तितक्याच वेळा ऐकला आहे. सुरुवातीचे ड्रम्स आणि अखेरचे बासवादन मला प्रिय आहे, पण मधला सॅक्सोफोनचा वेग आजही माझ्या हाती लागत नाही.