बोलायला शिकवायचं लायसन्स

मुलांना बोलायला शिकवायला सरकारचं लायसन्स कशाला, हे रामबागेतल्या आमच्या आत्याला अजून पटलेलं नाही. पण तिची नात बीएएसएलपीच्या (श्रवण आणि वाचा उपचारांच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला इकडे कॅलिफोर्नियात यायचंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आत्या, स्पीच थेरपिस्टचं काम तोतऱ्या मुलांपुरतं नसतं गं. पक्षाघात झालेल्या माणसाला पेज द्यायची, मऊ भात द्यायचा की तोंडाने काहीच नाही, हेही हॉस्पिटलात आम्हीच तपासतो. ठसकासुद्धा न लागता घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. गिळणं बघायला नाकातून दुर्बीण घालायची, तर आधी देखरेखीखाली किमान २५ वेळा ते केलेलं असावं, असा इथला कायदाच आहे.

आता कागदपत्रं. बीएएसएलपी इथे पुरत नाही, मास्टर्स लागतं. मग प्रॅक्सिस ही या विषयाची देशपातळीवरची परीक्षा, देखरेखीखाली ३६ आठवडे पूर्णवेळ काम, आणि नंतर राज्याच्या बोर्डाचं लायसन्स. सरकारी शाळेत नोकरी हवी तर शिक्षकांचे परवाने देणाऱ्या आयोगाचं वेगळं क्रेडेन्शियल. शिवाय 'आशा'चं (आपल्या आशाताई नव्हेत, इथली व्यावसायिक संघटना) सीसीसी हे प्रमाणपत्र. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ते सक्तीचं नाहीच! पण नोकरी देणारे मागतात, म्हणून दरवर्षी मुकाट्याने फी भरायची.

खरी पंचाईत राज्यांच्या हद्दींची. मी कुठे बसलेय याला महत्त्व नाही. पेशंट जिथे असेल तिथलं लायसन्स हवं. मुलगा सुट्टीत परराज्यात आजीकडे गेला की व्हिडिओवरची थेरपी बंद. काही राज्यांनी आता आपसात करार केलाय, बघू.

याबाबतीत आपलं सुटसुटीत. १९९२च्या कायद्यातल्या आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी झाली की इंदूर काय नि पुणे काय. विनानोंदणी प्रॅक्टिसला वर्षभरापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपयांना आज कोण घाबरतो! इथे बोर्डाच्या साइटवर कुणाचंही लायसन्स बघता येतं, कारवाई झाली असेल तर तीही दिसते. आपल्याकडे सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक, विचारणारे पालक मला तरी क्वचितच भेटले.

आणि नातीला एक सांग. 'आशा'ला प्रात्यक्षिकाचे ४०० तास लागतात, त्यातले ३२५ मास्टर्स करतानाचेच हवेत. तिच्या इंटर्नशिपचे फार थोडे धरतील, कदाचित एकही नाही.