सुतार पक्ष्याच्या डोक्यात काय असतं

कोल्हापुरात डोक्याला जपायची फारशी पद्धत नाही. हेल्मेट असतं, पण गाडीच्या आरशाला अडकवलेलं. तरी टाऊन हॉलच्या बागेत वाळक्या फांदीवर टकटक सुरू झाली की बरोबरच्याला हमखास काळजी वाटते, "ह्याचं डोकं दुखत नसंल व्हय?"

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. आयव्हन श्वाब आणि दिवंगत फिलिप मे यांना २००६ साली त्यावरच इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचारात पाडणारं पारितोषिक. सुतार पक्ष्याच्या कपाळाचं हाड जाळीदार असतं, ते धक्का पचवतं, हे उत्तर तेव्हापासून आपल्याही तोंडात बसलं. मला ते कधीच पुरतं पटलं नव्हतं. खिळा ठोकायच्या हातोडीला रबर कोण लावतं? धक्का डोक्यातच जिरवायचा, तर लाकडाला भोक कशानं पडायचं?

२०२२ मध्ये बेल्जियमच्या सॅम व्हान वासेनबर्ग यांच्या गटानं तीन जातींच्या सुतारांचं अतिवेगवान चित्रीकरण करून नेमकं हेच दाखवलं. चोच थांबते त्याच क्षणी कवटीही थांबते. मधे गादी नाही, सगळं एकसंध टणक. मग पाखरू वाचतं कशामुळे? मेंदू इवलासा, म्हणून. जितका मेंदू लहान, तितका तो धक्का जास्त सोसतो.

हे ऐकून आमचा एक तालमीतला दोस्त खूश. "म्हंजे हेल्मेट नसलं तरी चालतंय!"

"चालतंय की. मेंदू दोन-चार ग्रॅमचा असंल तर."

बाकी आपल्याकडे सुतार ओळखण्यातच गोंधळ फार. डोक्यावर तुरा घेऊन हिरवळीवर चालतो तो हुदहुद. त्याची बारीक, वाकडी चोच मातीत खुपसून किडे काढायची. लाकडावर मारली तर मोडेल बिचारी. रंकाळ्याकडच्या वडा-उंबरांवर दिवसभर टुक-टुक करतो तो तांबट, आणि तो आवाज चोचीचा नाही, गळ्याचा. तांबट नात्यानं सुतारांच्या जवळचा, घरट्याचं भोकही स्वतः कोरतो, पण कुजलेलं मऊ लाकूड बघून. पोटाला फळं असली की कवटीला तेवढे कष्ट नाहीत.

मला विचाराल तर सुताराच्या डोक्यातलं खरं नवल म्हणजे जीभ. तिला आधार देणाऱ्या हाडाच्या दोन लवचीक काड्या जबड्याखालून निघतात, मानेकडून कवटीला वळसा घालतात, माथ्यावर कातडीखालून पुढं येतात आणि बऱ्याच जातींत थेट उजव्या नाकपुडीपाशी पोचतात. ही काडी पुढं सरकली की जीभ चोचीबाहेर लांबवर जाते. टोकाला उलटे काटे, वर चिकट लाळ. भोकातली अळी सुटायची नाही.

ही जीभ मेंदूला पट्ट्यासारखी आवळून धरते, असंही कुणी ठासून सांगतं. त्याला मानमोडी दाखवावी. ती याच कुळातली, हिवाळ्यात आपल्याकडं येते. लाकूड फोडत नाही, घरट्यालाही आयतं भोक शोधते, जमिनीवर मुंग्या टिपत हिंडते. कवटीला वळसा घालणारी लांब जीभ मात्र तिलाही आहे.