अर्धी ओवी कशी द्यायची?

आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची माझी फाइल आता सहा हजार ओळींच्या वर गेलीय. साताऱ्याकडं गावी गेलो की तिच्याशेजारी बसायचं आणि ती म्हणेल तसं टिपायचं, असं दहा वर्षं चाललंय. सगळं एकाच साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. प्रत्येक ओवीच्या डोक्यावर 'विषय:', खाली ओवी, आणि संपली की '===' अशी ओळ.

आषाढीच्या आधी तिचा फोन आला. "आरं बाळा, पंढरीच्या तेवढ्या काढून दे की. मोठ्या अक्षरात."

आधी ग्रेप लावलं, म्हणजे फाइलमधून शब्द असलेल्या ओळी शोधून देणारी आज्ञा. 'पंढरी' असलेल्या ओळी भराभर आल्या, पण ओव्या काही आल्या नाहीत. पहिल्या ओळीत पंढरीची वाट असते आणि त्या वाटेनं जाणारा भाऊ दुसऱ्या ओळीत. ग्रेपनं वाट दिली, भाऊ मागंच राहिला. खालच्या दोन ओळीही घे, असं त्याला सांगता येतं. पण आत्याची एखादी माळ दोन ओळींत संपते, एखादी दहा ओळी चालते. मोजून कापणार कसं?

म्हणून फाइल विम या मजकूर-संपादकात उघडली. कोलन देऊन 'जी', म्हणजे ग्लोबल. पुढं /^विषय:.*पंढरी/, म्हणजे या मथळ्याची प्रत्येक ओळ शोध. त्याला लागून .,/^===/, म्हणजे तिथपासून पुढच्या '===' पर्यंतचं सगळं धर. शेवटी 'वाय', जागा सोडून कॅपिटल 'ए': धरलेलं 'ए' रजिस्टरात, म्हणजे विमच्या 'ए' नावाच्या तात्पुरत्या कप्प्यात, मागं जोडत जा. ते कॅपिटल फार महत्त्वाचं. पहिल्यांदा मी छोटा 'ए' दिला, तर प्रत्येक नवी ओवी आधीचीला पुसत गेली आणि हाती एकच उरली, शेवटची. सुरुवातीला क्यू-ए-क्यू दाबून रजिस्टर रिकामंही करून घ्यावं, नाहीतर जुनं काहीबाही पुढं चिकटतं.

ही आज्ञा विमच्या कितीतरी आधीची आहे. केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्समध्ये 1969 साली लिहिलेल्या 'एड' या संपादकात ती होती, आणि ग्रेप हे नावही तिथल्याच जी/आरई/पी वरून पडलं: सगळीकडं हा नमुना ('आरई') शोध, जुळेल ती ओळ छाप. ग्रेपला ओळच का दिसते, ते मला इथं उमगलं. मूळ आज्ञेत 'पी'च्या जागी हवं ते सांगता येतं, आणि माझं काम त्या जागेनंच केलं.

छापून पाठवलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन.

"समद्या बराबर हायती. पर एक पंढरीची न्हाई, लेकीची हाय. ती सासरी निघाली तवाची."

फाइल उघडून बघितली. वरच्या ओवीखाली '===' टाकायचं राहिलं होतं, त्यामुळं विमनं पुढची ओवीही सोबत उचलली होती. तिथं ती ओळ घातली. त्या लेकीच्या ओवीवर 'विषय:' होता, पण त्यापुढं मी काहीच लिहिलं नव्हतं. फोन चालू असतानाच आत्याला विचारून तेही भरलं.